रखमाबाईंची वैशाखातली वाडी

मी एक जुने चित्र आहे. मित्रांनो, माझ्यात वैशाखातली एक भरगच्च वाडी आहे. रायवळ आंबा, पांढरे जाम, ताडगोळ्यांचे घोस, अबोली, मोगरा. पण मला काढले तेव्हा ती वाडी जगात उरलीच नव्हती.

वाडी रखमाबाईंची. चौसष्ट सालच्या सुमारास तारापूरजवळ मोठे सरकारी काम निघाले आणि किनाऱ्यावरची काही वस्ती उठली, तीत ही वाडीही गेली. रखमाबाई पालघरला लेकीकडे, नलूकडे, आल्या. नलू शाळेत चित्रकला शिकवी. नव्या घरात रखमाबाई भिंतीकडे तोंड करून बसत. पुढ्यातले ताट तसेच राही. कुणाशी बोलत नसत. आई हातची जाणार, या भीतीने नलूचा जीव टांगणीला लागला.

एका दुपारी तिने आईसमोरच जाड कागद पसरला आणि आठवेल तशी वाडी रंगवायला घेतली. सोनचाफा विहिरीच्या उजवीकडे काढला.

“तिथं नाय गो,” रखमाबाई बोलल्या. “चाफा डावीकडं. उजवीकडं तुज्या बापाशीनं लावलेला जाम.”

नलूने मान वर केली नाही. डोळे भरले होते. “आणि जामाखाली काय होतं, आये?”

“अळू. सांडपानी जायचं ना तिथं.”

त्या संध्याकाळी रखमाबाईंनी भाकरी मागून घेतली. मग रोज दुपारी त्या सांगत आणि नलू रंगवी. असे मी पानापानाने भरत गेले. मी भिंतीवर लागल्यावर दांडी गावची शकू मासळी विकायला आली की टोपली उतरवून आधी मला पाही. “वाडीत बसल्यासारकं वाटतं,” म्हणे.

पुढे रखमाबाई गेल्या. घराला चुना काढताना मला गुंडाळून कपाटामागे ठेवले आणि तिथेच विसरले. पावसाळ्यात ओल आली, वाळवी लागली. नलूने मला उलगडले तेव्हा खालचा एक कोपरा उरला नव्हता. ती रडली. नवा कागद जोडून तिने कुंचला उचलला, पण तो हातातच राहिला. कुंपणाशी तिथे काय होते, तिला आठवेना. शकूलाही सांगता आले नाही.

मित्रांनो, चित्रे ओलीपासून जपा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, त्याच्या दारात कोणती झाडे होती ते विचारा. नलूने मला काचेत बसवले आहे. माझा कोपरा मात्र कोराच आहे, कारण त्याबद्दल विचारायला आता कुणी नाही.