खांद्याचा नकार

१९३८ सालच्या पौषात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडताना वैशाखरे गावचा देवजी झाडावरून पडला. उजवा खांदा निखळला आणि डोक्याला मागून मार बसला. टोकावड्याचे हाडवैद्य सावळाराम धावत आले. चौघांनी देवजीला धरलं, सावळारामांनी त्याच्या काखेत टाच रोवून हात ओढला आणि खांदा जागेवर बसवला. देवजीची किंकाळी सगळ्या आळीने ऐकली.

खांदा बरा झाला, डोकं मात्र पहिल्यासारखं झालं नाही. जुनं सगळं देवजीला आठवे. कुठल्या खाचरात पाणी टिकतं, स्वतःच्या वरातीत कुठला बैल अडला, सगळं. पण पडल्यानंतरचं काही राहत नसे. सकाळी भेटलेला माणूस दुपारी त्याला नवा असे. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मार आत बसलाय. जुनं राहील, नवं टिकणार नाही." आपण पडलो, कुणी खांदा बसवला, यातलं काही त्याला ठाऊकच नव्हतं. सावळारामांशी त्याआधी त्याची ओळखही नव्हती.

बोलण्यात मात्र तो पूर्वीसारखाच शहाणा होता. त्यामुळे फाल्गुनात सावळारामांनी आपल्या रामूसाठी देवजीच्या कमळला मागणी घातली, तेव्हा कुणाला काळजी वाटली नाही. आदल्या वर्षीच्या म्हसा गावच्या जत्रेत कमळने रामूला पाहिलं होतं, आणि तिच्या मनात तोच होता. आता पंचांसमोर मुलीच्या बापाने सुपारी घेऊन फोडायची, म्हणजे सोयरीक पक्की.

सावळारामांनी सुपारीचा हात पुढे केला. देवजी अंग चोरून मागे सरला.

"या माणसाच्या घरात माझी पोर नाय द्यायची."

"का रे दादा?" धाकट्या भावाने, गणूने विचारलं.

"का म्हंजे? डोळे बघ त्याचे. लबाड हायेत."

पंच उठून गेले. कमळ चुलीपाशी बसून राहिली. सावळारामांची म्हातारी आई शहापूरकडच्या एका मुलीसाठी आधीपासूनच अडून बसली होती. तिने सांगून टाकलं, "अक्षय तृतीयेपर्यंत सुपारी फुटली तर ठीक, नायतर शहापूर."

धोंडूबाईने नवऱ्याला सगळं समजावलं. झाड, खांदा, वैद्य. देवजीने नीट ऐकलं आणि म्हणाला, "असं हाय होय? मग देऊ की पोर." तो बांधावर जाऊन आला, ओटीवर सावळाराम दिसले, आणि परत तेच. "हा माणूस नको."

गणू वैतागला. "वैनी, आता समजावल्यावर दादा हो म्हणाला की लगेच सुपारी हातात द्या. फुटली की झालं."

"आणि मग?" धोंडूबाई म्हणाली. "लेकीच्या सासऱ्याला बघून जन्मभर दचकत बसायचं त्यांनी?"

"मग मी फोडतो सुपारी. दादाचं डोकं गेलंय."

"बाप ओटीवर बसलेला असताना? तोंड सांभाळा, भावजी."

सावळारामांनी हे ऐकलं. ते म्हणाले, "वैनी, मी पुढं आलो की यांचा उजवा खांदाच आधी मागं जातो. डावा नाय जात. डोकं इसरलंय, पण अंग नाय इसरलं. मी यांना लई दुखवलंय. डोळे लबाड हे मागनं सुचलेलं. कायतरी कारण सांगायला पाहिजे ना माणसाला."

"मग उपाय काय?"

"समजावलेलं टिकत नाय. दुखलेलं टिकतं. तर मग बरं वाटलेलंही टिकत असंल. बघू या."

त्यानंतर सावळाराम दर दोन दिवसांनी यायचे. देवजी अंबाडीचा दोर उत्तम वळायचा, ते जुनं कसब शाबूत होतं. दोर वळायला समोर दुसरा माणूस लागतो. सावळाराम चार हात लांब बसून टोक धरायचे. खांद्याला हात लावायचा नाही, सोयरिकीचा शब्द काढायचा नाही.

"तुमी कुठले पावणे?" देवजी दर खेपेला विचारी.

"टोकावड्याचा. हाडवैद्य."

"तरीच! हाडं जोडणाऱ्याला दोर कुठला वळता यायला!" असं म्हणून देवजी हसे. तोच विनोद, दर खेपेला नवा. सावळारामही दर खेपेला हसत. कमळ दोघांना पेज आणून देई आणि बापाच्या उजव्या खांद्याकडे बघत उभी राही. अर्धा चैत्र सरला तरी पाहुणा दिसताच तो खांदा मागे जात होता. पुढे तो जरासाच जाऊ लागला. मग एके दिवशी गेलाच नाही. कमळ आईला काहीच बोलली नाही. उगाच दृष्ट लागायची.

अक्षय तृतीयेला पाच दिवस होते. दोर वळताना देवजीने खांदा चोळला.

"हा मेला कळ मारतो. तुमाला कळतं का यातलं काय?"

सावळारामांनी हात मांडीवरच ठेवले. "थोडं कळतं. बघू का?"

"बघा की."

देवजीने स्वतःच खांदा पुढे केला. सावळारामांनी हलक्या हाताने तेल चोळलं. धोंडूबाई उंबऱ्यात आली.

"अवो, यांच्या रामूला आपली कमळ द्यायची का?"

"द्यायला काय हरकत हाय? दोर मात्र वाईट वळतात."

गणू पंचांना बोलवायला उठला. धोंडूबाईने त्याला थांबवलं. तिने सावळारामांना आता रोज यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आधी विचारल्याचं देवजीला आठवत नव्हतं. तो दर वेळी सावळारामांकडे पाहून नव्याने विचार करायचा आणि हो म्हणायचा. तेव्हा कुठे तिने पंचांना निरोप धाडला.

पंच जमले. देवजीने सुपारी घेतली, अडकित्त्यात धरली.

गणूला राहवलं नाही. "दादा, ओळख ना पाळख, पोर कशी देतोस?"

"डोळे बघ त्याचे," देवजी म्हणाला. "गरीब हायेत."

आणि त्याने सुपारी फोडली.