दुर्गाबाईचे पाय

दुर्गाबाई ओरडायला लागली की शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बायाही हात थांबवून कान देत.

"मारलं वं माय मले! जीव घेतला या बाईनं माह्या!"

वर्षाली सासूचे दोन्ही दंड धरून तिला खाटेवरून उभी करायची, जरा दम घेऊ द्यायची, बसवायची आणि पुन्हा उठवायची. बडनेऱ्याच्या बाहेर, रुळांच्या पलीकडे त्यांचं भाजीपाल्याचं वावर होतं आणि वावरातच घर. नवरा स्वप्निल पहाटे माल घेऊन अमरावतीच्या बाजारात जायचा तो दुपारीच परतायचा. तोवर घरात या दोघीच, एकमेकींचं तोंड पाहत.

पावसाळ्यात दुर्गाबाईला न्यूमोनिया झाला आणि ती बरेच दिवस दवाखान्यात पडून राहिली. ताप उतरला, खोकला गेला. पण घरी आणली तेव्हा जन्मभर डोक्यावर वांग्यांचं टोपलं घेऊन चाललेली ही बाई मोरीपर्यंतही जाऊ शकत नव्हती. सुट्टी देताना डॉक्टर मंजुषा मॅडमनी वर्षालीला बाजूला घेतलं होतं.

"छातीची भीती गेली. आता भीती पायांची आहे," त्या म्हणाल्या. "या वयात माणूस पडून राहिला की मांड्यांचं मांस भराभर झडतं. मग तो पडतो आणि पडला की परत खाटेवर. कितीतरी म्हातारी माणसं मूळच्या दुखण्यानं जात नाहीत, या अशक्तपणानं जातात. यांना रोज उठवा, बसवा, हातानं काहीतरी उचलायला लावा. डाळ, दही, शेंगदाणे पोटभर द्या. ओरडल्या तरी सोडू नका."

वर्षालीनं ते मनावर घेतलं, पण सासूच्या मायेपोटी नव्हे. माया नव्हतीच. लग्नाच्या मांडवात वर्षालीच्या आईला, माणिकबाईला, चारचौघींत 'भिकारडी' म्हणणारी बाई होती ही. वर्षालीच्या मनात वेगळीच धास्ती होती. धामणगावला माहेरी तिची आजी अशीच खाटेला खिळली होती आणि लवकर सुटलीही नव्हती. तिचं हगणं-मुतणं काढता काढता माणिकबाईची कंबर कायमची गेली. ते दिवस वर्षालीनं डोळ्यांनी पाहिले होते. आपल्या घरात ते होऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

दिवाळीला नणंद पिंकी अकोल्याहून आली. ती फाटकातून आत शिरली त्याच वेळी दुर्गाबाई खाटेची कड धरून थरथरत उभी होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि वर्षाली म्हणत होती, "अजून एकडाव, आई. बसू नका."

पिंकीनं पिशवी तिथंच टाकली.

"काय करून राहिली तू? बिमार बाईले कवायत करायला लावून राहिली?"

"डॉक्टरनं सांगतलं ताई. पडून राह्यल्या तं पाय जातील."

"डॉक्टरनं सांगतलं का तुह्या मनानं सांगतलं? माय मरावी म्हणूनच चाललं हे सारं. मले दिसते सगळं!"

दुर्गाबाईनं लेकीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "ने वं मले इथून. ही कसाईण हाये." स्वप्निल ओट्यावर उभा होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि मोटर चालू करायच्या निमित्तानं विहिरीकडे निघून गेला. त्या संध्याकाळी वर्षाली त्याला म्हणाली, "तुमी एक शब्द बोलले असते तं काय जीभ झडली असती?" तो म्हणाला, "माय हाये माही."

भाऊबीज झाली आणि पिंकी आईला गाडीत घालून अकोल्याला घेऊन गेली. फाटक लावताना वर्षालीला वाईट वाटलं नाही. तिनं घर सारवलं, खाट उन्हात टाकली, आणि वावराच्या वरच्या अंगाला दुर्गाबाईनं वर्षानुवर्षं धरून ठेवलेली वांगी उपटून तिथं झेंडू लावला. वांग्यांवर कीड फार पडायची आणि पडेल तो भाव घ्यावा लागायचा. सासू घरी असती तर तिनं वर्षालीला एक रोपही हलवू दिलं नसतं.

संक्रांतीला दोघं अकोल्याला गेली. पिंकीच्या घरी दुर्गाबाई मऊ गादीवर नव्या लुगड्यात पडली होती. गाल भरलेले, रंग उजळलेला. उशाशी साबुदाण्याची खीर, बिस्किटं आणि केळी.

"पाह्य माही माय कशी टवटवीत झाली," पिंकी म्हणाली. "खाली पाय टेकू देत नाई मी तिले."

वर्षालीनं सासूच्या पायावरची चादर सारली. मांडी हातात मावेल एवढी उरली होती. पोटरी नव्हतीच, हाडाला सैल कातडी लोंबत होती.

"ताई, गाल काय पाहता? पाय पाहा. ही बाई आता उभी राहू शकत नाई."

"तुही नजर वाईट हाये," पिंकी म्हणाली. "माह्या घरात येऊन मले शिकवू नको. तिळगूळ घे आन निघ."

तिळगूळ न घेताच वर्षाली बाहेर पडली आणि स्वप्निल येईस्तोवर रस्त्यावर उभी राहिली.

थंडी सरत होती तेव्हा पिंकीचा फोन आला. एरवी भावाला फोन करायची, त्या दिवशी तिनं वर्षालीला केला. दुर्गाबाई पलंगाच्या कडेवरून घसरून खाली बसली होती. हाड मोडलं नव्हतं. पण तिला उठता येईना आणि घरात एकट्या असलेल्या पिंकीला ती उचलता येईना. तासभर म्हातारी फरशीवर भिजलेल्या लुगड्यात बसून होती. शेवटी बाजूच्या घरातली दोन माणसं बोलवावी लागली. पिंकीची पाठ भरली होती, नवरा वैतागला होता.

"घेऊन जा," पिंकी म्हणाली. "माह्याच्यानं होत नाई. पण तिच्या जिवाचं काई बरंवाईट झालं तं तुह्या दारात येऊन बोंब मारीन, सांगून ठेवते."

"या खुशाल," वर्षाली म्हणाली आणि फोन ठेवला.

स्वप्निलनं परत घरी आणल्यावर दुर्गाबाईनं भिंतीकडे तोंड केलं. वर्षालीनं घट्ट वरणाची वाटी समोर ठेवली आणि खाटेजवळ खाली बसली.

"आई, एक डाव सांगते, मंग बोलणार नाई. तुमचा माह्यावर जीव नाई, माहाबी तुमच्यावर नाई. पण मी तुमाले खाटेवर सडू देणार नाई. तुमच्यासाठी नाई, माह्यासाठी. माह्या मायनं जे काढलं ते मी काढणार नाई."

दुर्गाबाईनं वाटी ढकलली. वरण जमिनीवर सांडलं.

"तुह्यासाठी तं मी मेली तरी उठणार नाई."

दोन-तीन दिवस ती खरंच उठली नाही. वर्षाली दंड धरायची, तर ती अंग सैल सोडून द्यायची, पोत्यासारखी. मग एका दुपारी स्वप्निल जेवताना बोलून गेला की झेंडूला कळ्या लागल्या, लग्नसराईत बरा माल निघेल. दुर्गाबाईनं मान वळवली.

"कुठचा झेंडू?"

तो ताटातली भाकर मोडू लागला. वर्षालीनंच सांगितलं. "वरच्या अंगाले. वांगे उपटले मी."

"कोनाले इचारून?"

"तुमी नव्हत्या इचाराले."

"माह्या सासऱ्यापासून तठी वांगे हायेत! तुह्या बापानं घेतलं होतं काय ते वावर?"

"एवढा राग येते तं चालत जाऊन पाहा ना. मी काई तुमाले उचलून नेणार नाई."

त्या दुपारी दुर्गाबाईनं आपण होऊन खाटेची कड धरली. शिव्या देत उठली, शिव्या देत बसली. वर्षाली फक्त मागं उभी राहिली, पडू नये म्हणून. तिनं पाण्यानं भरलेले लोटे खाटेशी ठेवले, तेही दुर्गाबाई रागारागानं वर-खाली करू लागली. वरण खायची, दही खायची आणि प्रत्येक घासाला नाव ठेवायची. वरण पाणचट आहे, दही आंबट आहे, ही बाई मला ढोरासारखी राबवते. वर्षाली उत्तर देत नव्हती असं नाही. ऊन तापायला लागलं तेव्हा त्या भांडणांचा आवाज पूर्वीच्या ओरडण्यापेक्षा मोठा झाला होता. म्हातारी मोरीपर्यंत एकटी जाऊ लागली, मग ओट्यावर, मग विहिरीपर्यंत काठी टेकत.

एके सकाळी वर्षाली झेंडू तोडायला गेली तर दुर्गाबाई आधीच तिथं पोचलेली. काठी बांधावर पडली होती आणि ती वाकून रोपं उपटत होती. फुललेली, तोडणीला आलेली रोपं, एकामागून एक.

"आई!" वर्षालीनं धावत जाऊन तिचं मनगट धरलं. दुर्गाबाईनं हिसका दिला. वर्षालीनं पुन्हा धरलं. आता म्हाताऱ्या बोटांनी उलट तिचंच मनगट आवळलं, इतकं की बांगडी कातडीत रुतली. दोघी त्या ओळीत पाय रोवून उभ्या राहिल्या, श्वास फुललेला, कोणीच सोडेना. म्हातारीच्या पायांना कंप नव्हता. वर्षालीच्या ते ध्यानात आलं, आणि कंबरेतली कसलीतरी जुनी गाठ सैल झाल्यासारखं तिला वाटलं. रागही तेवढाच होता. उपटलेल्या फुलांचं नुकसान समोर दिसत होतं.

"सोडा," ती म्हणाली.

"तू सोड आंधी."

वर्षालीनं सोडलं. दुर्गाबाईनं आणखी एक रोप उपटलं, मग खाली वाकून काठी उचलली.

"इथं वांगेच लागतील. मी हाये तोवर. आन मी एवढ्यात मरत नाई."

"मले ठाऊक हाये," वर्षाली म्हणाली.

म्हातारी बांधावरून घराकडे निघाली. तिची चाल हळू होती, पण काठी तिनं खांद्यावर घेतली होती. घरी पोचताच तिनं पिंकीला फोन लावला आणि सून आपल्यावर हात टाकते म्हणून ठणकावून सांगितलं. तिचा आवाज वावरापर्यंत येत होता. वर्षाली खाली बसून मुळं शाबूत असलेली रोपं वेगळी काढू लागली. अजून दहा वर्षं, कदाचित जास्तही, हाच आवाज ऐकायचा आहे, हे तिला कळलं होतं. तिनं वाचलेली रोपं परत मातीत दाबली आणि पाणी आणायला उठली.