खरी जागा

“टोकाला नको, बेटामागे घ्या,” मिस्त्री म्हणाला.

शोधबोटीच्या चालकाने वळून पाहिलं. “पण तुमच्या भावजयीने तर दगडी टोक सांगितलं.”

“तिला जे सांगितलं, ते तिने सांगितलं. माझा भाऊ आहे तो. टोक म्हणाला ना, मग टोक सोडून कुठेही असेल.”

बोट बेटाकडे वळली. धाकटा पहाटे गळ घेऊन गेला होता, न्याहारीला परतला नव्हता. थंडीचे दिवस होते, आणि वारं सुटलं होतं.

मिस्त्री तलावाच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करी, आणि हौसेने मासे धरायला येणाऱ्यांना न विचारता सूचना देई. लाइफ जॅकेट बसायला नाही, अंगात घालायला असतं. शिट्टी डब्यात नको, गळ्यात हवी. बोटीत उभं राहू नका. आणि जाताय कुठे, ते खरं सांगून जा. लोक त्याला ‘फलक’ म्हणत. बाकी सगळं ऐकत, शेवटचं तेवढं सोडून. मासा लागणारी जागा गळवाला सख्ख्या भावालाही सांगत नाही. हे दोघे तर लहानपणापासून एकमेकांना थापा मारत आलेले. धाकट्याने एकदा थोरल्याला दिवसभर नुसत्या शेवाळात बसवलं होतं. घरात अजून त्यावरून हशा पिके.

मागच्या आठवड्यात मात्र मिस्त्री चिडला होता. “बुडालास तर कुठे शोधू रे तुला, गाढवा?”

“बरं बाबा फलक, यापुढे खरं सांगेन. आईशप्पथ!”

“तुझ्या शपथा ठाऊक आहेत मला.”

बेटामागे कुणी नव्हतं. त्यांनी लव्हाळी पाहिली, पलीकडची खाचही पाहिली. हाका मारून मारून मिस्त्रीचा घसा बसला. शेवटी चालकाने न विचारताच बोट टोकाकडे नेली.

खडकाला उलटी बोट लागली होती. धाकटा जवळच तरंगत होता. जॅकेट अंगात, पट्टे आवळलेले, गळ्यात शिट्टी. पाणी हाताला चावत होतं.

काठावर एक बाई शेळ्या राखत होती. “शिट्टी वाजत होती सकाळभर,” ती म्हणाली. “मला वाटलं, पोरं खेळतायत. आत्ता मघाशी थांबली.”

धक्क्यावर भावजय उभी होती.

“दादा, कुठे होते हे?”

चालक उगाच इंजिनाकडे पाहू लागला. मिस्त्रीच्या तोंडाशी ‘बेटामागे’ आलं होतं. जन्माची सवय.

“टोकाला,” तो म्हणाला.

“तेच सांगून गेले होते,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. ती खाली बसली आणि जॅकेटचे पट्टे सोडू लागली. ओला पट्टा सुटेना. मिस्त्रीने सवयीने हात पुढे केला, आणि मागे घेतला.