टाक्यांना न टोचणारं हेल्मेट

माझा नवरा सिल्व्हो शरद ऋतूत सायकलवरून पडला. हेल्मेट होतं म्हणून वाचला, पण त्याची कड फुटून कानामागे घुसली आणि तिथं टाके पडले. हिवाळाभर तो आमच्या मेद्वोदे गावाहून ल्युब्ल्याना शहरात ट्रेननं कामाला गेला. एप्रिलमध्ये त्यानं तळघरातून सायकल वर काढली तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले.

"नवं हेल्मेट घेतल्याशिवाय दाराबाहेर पडायचं नाही," मी म्हणाले.

"घेऊ की. जूनमध्ये बोहिन्यच्या तळ्यापर्यंतही जायचंय."

सायकलींचं दुकान ड्रागोचं होतं. तो आणि सिल्व्हो एकेकाळी एकाच सायकल क्लबात होते. त्यानं आधी टेपनं सिल्व्होचं डोकं मोजलं.

"बायकोला घेऊन आलास म्हणजे आज माझी धडगत नाही," ड्रागो हसला. "बसा वहिनी. याला घाई करू देऊ नका. दुकानात दोन मिनिटं बरं वाटतं, आणि रस्त्यावर तासाभरात डोकं ठणकायला लागतं."

पहिलं हेल्मेट कपाळाला रुतलं. दुसरं हलकं होतं, हवाही खेळत होती, पण मागची चकती फिरवून घट्ट केली की टाक्यांच्या जागी टोचायचं. तिसरं मोठं निघालं. मान हलवली की डोळ्यांवर यायचं.

"हेच घेतो," सिल्व्हो म्हणाला. "कुठं दुखत नाही."

"दुखणार कसं? ते डोक्याला टेकतंच कुठंय?" मी म्हणाले. "पुन्हा पडलास तर हे तुझ्याआधी रस्त्यावर पोचेल."

ड्रागोनं चौथं दिलं. याच्या मागच्या पट्ट्या वर-खाली सरकत होत्या. एक पट्टी त्यानं व्रणाच्या खाली आणली. "पट्टा न लावता मान खाली घाल." हेल्मेट जागचं हललं नाही.

"टोचतंय?"

"नाही."

ड्रागोनं हनुवटीखाली पट्टा लावला. खट्ट आवाज झाला आणि सिल्व्होचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं घाईघाईनं पट्टा सोडला. "हेही नको."

"अरे, आत्ताच तर टोचत नाही म्हणालास," ड्रागो म्हणाला.

मी त्याला बाहेर घेऊन गेले. दुकानासमोरच्या बाकावर तो बसला. मग म्हणाला, "तो आवाज. पडलो त्या दिवशी घरातून निघताना पट्टा लावला त्याचा खट्ट आवाज, शेवटचं आठवतं ते तेवढंच. पुढचं काही आठवत नाही. मघाशी वाटलं, आता परत सगळं काळं होणार."

"मग नको जाऊस सायकलनं. ट्रेन आहेच की."

"ट्रेनमध्ये रोज खिडकीतून रस्त्याकडे बघत बसतो गं."

आत जाऊन मी ते चौथं हेल्मेट घेऊन आले आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं ते घातलं. पट्टा मात्र मी लावला, अगदी हळू, एक हात त्याच्या गालावर ठेवून. आम्ही तसेच नदीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. लोक बघत होते. परतल्यावर त्यानं हेल्मेट न काढताच ड्रागोला पैसे दिले.

सोमवारी तो सायकलनं कामाला निघाला. मी कॉफी ओतली आणि तशीच विसरले. फोन वाजला तसा मी पहिल्याच रिंगला उचलला.

"साव्हा नदीच्या पुलावर थांबलोय," तो म्हणाला. "पुढं पॅडल मारवत नाहीये. पण हेल्मेट कुठं टोचत नाहीये."

"परत येतोस का?"

"नको. थोडं थांबतो आणि जातो पुढं."

तो पोचला, संध्याकाळी परतही आला. तोवर मी खिडकीतच होते. बोहिन्यला जायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही.