सगळ्यांत आधी हजर

शाळा मोबाइलवर भरू लागली तशी आठवीतली सोनिया रोज सगळ्यांत आधी 'हजर' लिहायची. रेंज नाही म्हणून कॅमेरा तेवढा बंद. बक्षिसाची कंपासपेटी घेऊन वर्गशिक्षिका पूजाबाई कौतुकानं जतकडच्या तिच्या वस्तीवर गेल्या. दारात तिची आई सुलाबाई.

"सोनिया कुठंय?"

"तिचं लगीन झालं, बाई. चैतातच."

"मग हजर कोण लिहितं?"

"मीच. हजेरी लागली म्हंजी चौकशीला कुनी येत न्हाई, आसं समदीच म्हनत्यात."

समदीच? कंपासपेटी तशीच पिशवीत ठेवून पूजाबाई परतल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात पटापट 'हजर' उमटले. त्या म्हणाल्या, "पोरींनो, आज कॅमेरे चालू करा."

पडद्यावरून मुलींची नावं एकेक करून नाहीशी होऊ लागली.