चाळीस मीटरची दुरुस्ती

समीक्षाने जीपीएसचा खांब वावरात रोवला, पडद्यावरचे आकडे दोनदा वाचले आणि समोर बघितलं. जिथे परावर्तक असायला हवा होता तिथे वीतभर दादर ज्वारी ओळीने उभी होती. परावर्तक पूर्वेला, पार बांधावर जाऊन बसला होता.

परावर्तक म्हणजे तरी काय, खोलीच्या कोपऱ्यासारखे जोडलेले ॲल्युमिनियमचे तीन पत्रे. अमळनेरच्या एका धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्याने करून दिलेले. आकाशातून रडारची लहर आली की ती आल्या वाटेने परत पाठवायची, एवढंच त्याचं काम. त्याची जागा आधी मोजून नोंदवायची. चित्रात ठिपका त्याच जागी उमटला तर रडार खरं. समीक्षाच्या कंपनीने लष्करासाठी केलेलं, टीव्हीच्या खोक्याएवढ्या उपग्रहातलं हे स्वस्त रडार महिन्यापूर्वी वर गेलं, आणि पहिल्याच चित्रात ठिपका चाळीस मीटर पूर्वेला उमटला.

सहा परावर्तक लावा म्हणून ती वर्षभर कानीकपाळी ओरडत होती. टीमप्रमुख योगेंद्र सरांनी एकच मंजूर केला. वर हसून म्हणाले, "स्वस्त म्हणजे सगळंच स्वस्त." आणि आता ठिपका हलल्यावर या गृहस्थाने काय करावं? का हलला ते बघायचं सोडून सॉफ्टवेअरमध्ये चाळीस मीटरची दुरुस्ती घातली आणि ठिपका ओढून जागेवर बसवला! शेवटचं पान बघून गणित जुळवणारं पोरसुद्धा थोडं लाजतं. समीक्षाने रजा टाकली, माहेरी अमळनेरला आली आणि आज सकाळच्या गाडीने शिंदखेड्याला उतरून थेट वावरात पोचली.

वावराच्या मालकीण तानुबाई चहाचा पेला घेऊन आल्या.

"अक्का, हे कुणी हलवलं?"

"आम्हीन दोन्ही मायलेकस्नी. हाई मधी शे तं पेरनी कशी व्हई? उचलीसन बांधवर ठी दिधं." तानुबाईंनी अभिमानाने पत्र्यावर थाप मारली. "पन तू सांगेल व्हतं ना, तोंड फिरू देऊ नका. देख, तोंड बराबर डोंगरकडेच शे."

समीक्षाने होकायंत्र लावून पाहिलं. एक अंशही फरक नव्हता. तोंड फिरू देऊ नका, हे तिनेच बजावलं होतं. जागा हलवू नका, हे सांगायचं तिलाच सुचलं नव्हतं. तिने कपाळावर हात मारला. रडार पहिल्या दिवसापासून खरंच बोलत होतं, आणि यांनी त्याला खोटं बोलायला शिकवलं.

तिने तिथूनच फोन लावला.

"सर, रडार बरोबर आहे. परावर्तकच चाळीस मीटर सरकवला होता. दुरुस्ती काढा."

योगेंद्र सरांनी आधी एकच विचारलं.

"कुणाला सांगितलंस?"

"अजून कुणाला नाही."

"मग सांगूही नकोस. अहवाल काल गेला. तुझ्या सहीने."

"मी सही केलीच नाही!"

"जुनी होती, ती लावली. गुरुवारी लष्कराचे अधिकारी समोर बसून नवं चित्र बघणार. ठिपका जागेवर पडला की काम आपलं. परावर्तक आहे तिथेच राहू दे. दुरुस्ती मागाहून गुपचूप काढू."

"आणि तोवर प्रत्येक जागा चाळीस मीटर चुकेल त्याचं काय? लष्कर यावरून काय कपाशीवर फवारणी करणार आहे, सर?"

"आवाज खाली. नोकरी हवी आहे ना?"

फोन बंद झाला. रागाने तिचे कान तापले होते. अधिकाऱ्यांची नावंसुद्धा तिला कधी कुणी सांगितली नव्हती. सांगायचं तरी कुणाला?

ती खांबापाशी गेली, दुरुस्ती ठिपका जिकडे ओढत होती तिकडे, पश्चिमेला तोंड केलं आणि पावलं मोजत निघाली. चाळीस मीटर भरले तेव्हा ती तानुबाईंच्या ओट्यावर उभी होती. चुलीवर कळण्याची भाकरी शेकत होती.

"काय व्हयनं व माय?" मागोमाग आलेल्या तानुबाईंनी विचारलं.

"अक्का, तो परावर्तक मूळच्या जागेवर असता ना, तर आता वरून इथे दिसला असता. तुमच्या चुलीवर." तिने चुलीकडे बोट केलं. "असंच उद्या शत्रूची तोफ बाजूला राहील आणि कुणाच्या तरी घरावर नेम बसेल. चूक माहीत आहे, तरी गुरुवारी साहेबांना खोटं दाखवणार आहेत."

"मंग?"

"परत तिथेच नेऊन ठेवला, तर नोंदलेल्या जागेवर ठिपका पडणार नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत." तिने वावराकडे बघितलं. "माझी नोकरी जाईल. आणि तुमची दादर तुडवली जाईल."

तानुबाईंनी आधी भाकरी उतरवली. मग हात पुसत त्या वावरात शिरल्या, खांबापाशी उकिडव्या बसल्या आणि तीन ओळींतली दादर मुळासकट उपटू लागल्या. उपटलेली रोपं त्यांनी शेळीसाठी बाजूला रचली. पुरेशी जागा झाली तशा त्या बांधाकडे गेल्या आणि त्यांनी एक पत्रा धरला.

"धर तिकडथून," त्या म्हणाल्या. "तोंड डोंगरकडेच ना?"

"हो अक्का," समीक्षा दुसरा पत्रा उचलत म्हणाली. "तोंड डोंगराकडेच."