फक्त भारतात दिसत नाही

कुणीतरी माझ्या बहिणीचा, जेबाचा फोटो मोबाईल नंबरासकट एका घाणेरड्या वेबसाइटवर टाकला. फोटो साधाच, नर्सिंग कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. खालचा मजकूर वाचण्यासारखा नव्हता, त्यामुळं तो अख्ख्या औशानं वाचला.

अब्बांनी शिलाई मशीन थांबवून फर्मान काढलं, "फोटो उतरेपर्यंत पोरगी उंबरा ओलांडणार न्हाई."

सोमवारी नांदेडला तिची शेवटची परीक्षा. जेबा भांडली नाही. पुस्तक उघडून बसली आणि दिवसभर पान उलटलं नाही.

मी ठाण्यात गेलो. हवालदार शिवमूर्तींनी विचारलं, "वकार, साइट कोणाच्या हद्दीत हाय?"

"कंपनी कुठल्याशा बेटावर, सर्व्हरचं मशीन तिसऱ्याच देशात."

"म्हणजे जिल्ह्याच्या टोकाच्या, जळकोटच्या पुढं."

"लई पुढं. पण आपला कायदा लागू होतो ना साहेब?"

"होतो की. तिकडं जाऊन सांगणार कोण? मला जिल्ह्यातल्या देवणीला जायचा भत्ता मिळत न्हाई."

तरी त्यांनी तक्रार वर पाठवली. मी बेटाला रोज ईमेल केला. बेट रोज म्हणायचं, 'आमच्याकडे हा गुन्हा नाही. आपला दिवस आनंदात जावो.'

रविवारी सकाळी वेगळं उत्तर आलं. 'भारतीय कायद्याचा आदर ठेवून हे पान भारतात बंद केलं आहे.' उघडून पाहिलं. खरंच गेलं होतं. अब्बांनी चष्मा लावून कोरा पडदा नीट वाचला. जेबानं बॅग भरली.

तेवढ्यात शारजाहून मामूंचा फोन. "दुल्हेभाई, फोटो इथं अजून दिसून राहिलाय. एकदम साफ."

जेबा बॅगेतून कपडे बाहेर काढायला लागली.

अब्बांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही ते पान उघडलंच कशाला, मियाँ?"

फोन कटला.

अब्बांनी कपडे परत बॅगेत कोंबले, तिचा मोबाईल स्वतःच्या खिशात घातला आणि आम्हाला घेऊन एसटीत बसले. ते पान पाहून तिला येणारे देशातले फोन कमी झाले होते. आता येत होते ते परदेशातले. अब्बा प्रत्येक उचलायचे. "बोलो. मैं उसका बाप."

"अब्बा, बंद करा ना तो," जेबा रडवेली झाली.

"राहू दे. एकेका देशाला सांगून टाकतो."

लोह्याच्या पुढं पुन्हा वाजला. नंबर कुठल्या देशाचा, मलाही कळेना. अब्बांनी उचलला.